स्वामी रामानंद तीर्थ

स्वामी रामानंद तीर्थ (पूर्वाश्रमीचे नाव : व्यंकटेश खेडगीकर, जन्म : सिंदगी, ३ ऑक्टोबर १९०३, मृत्यू : हैदराबाद, २२ जानेवारी १९७२) हे हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते, शिक्षक, संन्यासी आणि संसदपटू होते. निजामाच्या राजवटीत बंदी घातल्या गेलेल्या हैदराबाद स्टेट काँग्रेसचे ते प्रमुख नेते होते. राजकारणात येण्यापूर्वी सुमारे नऊ वर्षे त्यांनी मराठवाड्यातील खाजगी शाळांत अध्यापन केले. स्वातंत्र्यानंतर नांदेड येथे महाविद्यालय सुरू करण्यात त्यांचा पुढाकार होता. नांदेड, लातूर, परभणी व हिंगोली या जिल्ह्यांसाठी असलेल्या विद्यापीठाला त्यांचे नाव देण्यात आले आहे.

कोणती शाळा मान्य, कोणती सभा निरुपद्रवी आणि कोणती संघटना विश्वासार्ह हे ठरविण्याचा अधिकार हैदराबाद संस्थानात सर्वस्वी सरकारी खात्यांकडे होता. स्वामीजींचे शिक्षण, अध्यापन आणि राजकारण या तिन्ही गोष्टी दीर्घकाळ या मान्यतेच्या कक्षेबाहेर राहिल्या. त्यामुळे शासनाची मान्यता नसलेल्या शिक्षणाचे मोल काय, हा प्रश्न त्यांच्या चरित्रात वारंवार येतो.

बालपण आणि शिक्षण

व्यंकटेश खेडगीकर यांचा जन्म आजच्या कर्नाटकातील सिंदगी येथे झाला. घरची परिस्थिती सामान्य होती. माध्यमिक शिक्षणासाठी ते सोलापूरला आले. १ ऑगस्ट १९२० रोजी लोकमान्य टिळकांचे निधन झाले, तेव्हा ते शाळेत शिकत होते. या घटनेचा त्यांच्या मनावर खोल परिणाम झाला आणि आजन्म अविवाहित राहून देशसेवा करण्याचा निश्चय त्यांनी केला. लवकरच महात्मा गांधींची असहकाराची चळवळ सुरू झाली. सरकारी शाळा-महाविद्यालयांवर बहिष्कार हे या चळवळीचे एक कलम होते. त्यानुसार त्यांनी सरकारमान्य शाळा सोडली.

शाळा सोडलेल्या विद्यार्थ्यांसाठी देशभर राष्ट्रीय शाळा व विद्यापीठे निघाली. पुण्यात १९२१ मध्ये टिळक महाराष्ट्र विद्यापीठ स्थापन झाले. खेडगीकरांनी पुढील शिक्षण राष्ट्रीय शिक्षणसंस्थांतच घेतले आणि टिळक महाराष्ट्र विद्यापीठाची पदवी मिळवली. लोकशाहीचा विकास हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता. या विद्यापीठाच्या पदव्यांना त्या काळी सरकारी मान्यता नव्हती. या पदवीवर सरकारी नोकरी मिळत नसे, वकिलीची सनद मिळत नसे आणि सरकारमान्य विद्यापीठात पुढील प्रवेशही मिळत नसे. मध्यमवर्गीय मराठी कुटुंबांत उच्च शिक्षणाकडे पाहण्याचा मुख्य दृष्टिकोन नोकरीचा असे. त्या दृष्टीने पाहता खेडगीकरांची पदवी निरुपयोगी होती. मात्र राज्यशास्त्राचा केलेला अभ्यास त्यांना पुढे जबाबदार राज्यपद्धतीची मागणी मांडताना उपयोगी पडला.

कामगार चळवळ

शिक्षण संपल्यावर त्यांनी कामगार नेते नारायण मल्हार जोशी यांच्याबरोबर काम केले. जोशी हे अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसच्या संस्थापकांपैकी एक आणि केंद्रीय विधिमंडळाचे सदस्य होते. त्यांच्या सहवासात खेडगीकरांना मुंबईच्या कामगार वस्त्यांचे जीवन जवळून पाहता आले. तसेच विधिमंडळाचे कामकाज, सरकारी अहवाल आणि आकडेवारी यांचीही ओळख झाली. सरकारी कागदपत्र वाचून त्यातील दावे तपासण्याची सवय त्यांना येथेच लागली. दरम्यान त्यांना गंभीर आजार जडला आणि शहरातील धावपळीचे काम सोडावे लागले.

हैदराबाद संस्थानातील शिक्षण

त्या वेळी औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड आणि उस्मानाबाद हे पाच मराठी जिल्हे हैदराबाद संस्थानात होते. आजचा लातूर जिल्हा उस्मानाबाद जिल्ह्याचा भाग होता. तो १९८२ मध्ये स्वतंत्र झाला. संस्थानातील बहुसंख्य प्रजा तेलुगू, मराठी व कन्नड बोलणारी होती, पण राज्यकारभाराची भाषा उर्दू होती. १९१८ मध्ये हैदराबादला उस्मानिया विद्यापीठ सुरू झाले. भारतीय भाषेतून सर्व विषयांचे उच्च शिक्षण देणारे ते पहिले आधुनिक विद्यापीठ मानले जाते. तेथील भाषांतर विभागाने विज्ञान, कायदा, वैद्यक अशा अनेक विषयांचे ग्रंथ उर्दूत आणले. हे काम मोठे होते, पण मराठी, तेलुगू वा कन्नड मातृभाषा असलेल्या मुलांना त्याचा लाभ घेण्यासाठी आधी उर्दूवर प्रभुत्व मिळवावे लागे.

मराठवाड्यात उच्च शिक्षणाची सोय औरंगाबादच्या इंटरमीजिएट कॉलेजपुरती मर्यादित होती. नांदेड किंवा लातूरच्या विद्यार्थ्याला इंटरसाठी औरंगाबादला आणि पदवीसाठी हैदराबादला जावे लागे. ज्यांना मराठीच्या वातावरणात शिकायचे असे, ते पुणे, सोलापूर किंवा नागपूरचा रस्ता धरत. परगावी राहण्याचा खर्च शेतकरी कुटुंबांच्या आवाक्याबाहेरचा होता. पदवी मिळाल्यावर सरकारी नोकरीचा मार्ग खुला होई, मात्र तो मार्ग उर्दू जाणणाऱ्या आणि शहरात राहू शकणाऱ्या थोड्या कुटुंबांपुरताच असे. खेड्यातील शेतकऱ्याच्या दृष्टीने महाविद्यालय ही दूरची आणि महागडी गोष्ट होती.

या उणिवेतून खाजगी मराठी शाळांची चळवळ निघाली. हैदराबादचे विवेकवर्धिनी, गुलबर्ग्याचे नूतन विद्यालय, औरंगाबादची सरस्वती भुवन अशा संस्था लोकवर्गणीतून उभ्या राहिल्या. सरकारला या शाळांविषयी संशय वाटे. १९२० च्या दशकात शिक्षण खात्याने खाजगी शाळांसाठी नियम केले. शाळा काढण्यापूर्वी परवानगी घेणे, शिक्षकांची व पुस्तकांची माहिती देणे आणि तपासणीस मान्यता देणे आवश्यक झाले. शाळांचा दर्जा राखणे हा या नियमांचा घोषित हेतू होता. प्रत्यक्षात परवानगीसाठी लागणारा विलंब आणि अधिकाऱ्यांचे अमर्याद अधिकार यांमुळे काही वर्षांतच खाजगी शाळांची संख्या मोठ्या प्रमाणात घटली. मुले कोणत्या विषयात किती शिकतात यापेक्षा शाळा चालविणारे लोक कोण आहेत, याकडे तपासणीत अधिक लक्ष दिले जाते, अशी तक्रार संस्थानातील परिषदांतून सातत्याने होत असे.

हिप्परगा येथील राष्ट्रीय शाळा

उस्मानाबाद जिल्ह्यातील हिप्परगा (रवा) या खेड्यात १९२१ मध्ये राष्ट्रीय शाळा सुरू झाली होती. १९२९ मध्ये खेडगीकर या शाळेत शिक्षक म्हणून आले आणि पुढे मुख्याध्यापक झाले. बाबासाहेब परांजपे हे त्यांचे तेथील सहकारी होते. शाळा निवासी स्वरूपाची होती. अभ्यासाबरोबर सूतकताई, शरीरश्रम, व्यायाम आणि सामूहिक प्रार्थना यांना दिनक्रमात स्थान होते. शिक्षक अत्यल्प मानधनावर काम करीत आणि विद्यार्थ्यांबरोबरच राहत.

पालकांच्या दृष्टीने अशा शाळेत मुलगा घालणे हा जोखमीचा निर्णय होता. येथील शिक्षणाच्या बळावर तहसील कचेरीत कारकुनाची जागाही मिळण्याची शक्यता नव्हती. तरीही आसपासच्या खेड्यांतून मुले येत राहिली. या आणि अशा शाळांतून शिकलेल्या तरुणांमधून पुढे मुक्तिसंग्रामाचे कार्यकर्ते, शिक्षक व पत्रकार यांची एक पिढी तयार झाली. नोकरीच्या हिशेबात न बसणारा हा परिणाम मराठवाड्याच्या सार्वजनिक जीवनात दीर्घकाळ दिसत राहिला.

हिप्परगा येथे असतानाच, १९३० च्या दशकाच्या आरंभी, खेडगीकरांनी स्वामी नारायण यांच्याकडून संन्यासदीक्षा घेतली आणि स्वामी रामानंद तीर्थ हे नाव धारण केले. दीक्षा घेतल्यावरही त्यांनी मठाचा किंवा एकांताचा मार्ग स्वीकारला नाही. भगवी वस्त्रे धारण करून ते शाळा चालवीत राहिले.

अंबाजोगाई

१९३५ मध्ये स्वामीजी व बाबासाहेब परांजपे अंबाजोगाईला आले. त्या वेळी या गावाचे सरकारी नाव मोमिनाबाद होते. तेथील योगेश्वरी नूतन विद्यालयाची उभारणी त्यांनी केली. बीड, लातूर व उस्मानाबाद परिसरातील विद्यार्थी या शाळेत येत. गावात व्याख्याने, वाचनालय आणि व्यायामशाळा यांचे उपक्रम वाढले. या काळात स्वामीजींचा मराठवाड्यातील वकील, व्यापारी आणि तरुण कार्यकर्त्यांशी संपर्क आला. शाळा चालविण्यात येणाऱ्या अडचणींचे मूळ राज्यकारभाराच्या स्वरूपात आहे, या निष्कर्षापर्यंत ते याच काळात आले. जबाबदार राज्यपद्धती आल्याखेरीज शिक्षणाचा प्रश्न सुटणार नाही, अशी त्यांची धारणा झाली.

महाराष्ट्र परिषद

संस्थानात राजकीय सभा घेण्यावर कडक निर्बंध होते. गश्ती निशाण ५३ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या परिपत्रकानुसार सार्वजनिक सभेसाठी पूर्वपरवानगी लागे. सभेचा विषय, वक्ते आणि ठराव यांची माहिती अधिकाऱ्यांना आधी द्यावी लागे. ती निरुपद्रवी आहे की नाही, याचा निर्णय अधिकारीच करीत आणि त्याविरुद्ध दाद मागण्याची परिणामकारक सोय नव्हती. वृत्तपत्रांचीही स्थिती अशीच होती. आ. कृ. वाघमारे यांनी संस्थानाबाहेर पुण्याहून मराठवाडा हे साप्ताहिक काढले. त्याच्या प्रवेशावर संस्थानात बंदी येताच ते नवे नाव घेऊन प्रसिद्ध होई आणि त्या नावावरही बंदी आली की पुन्हा नाव बदले.

आंध्र, महाराष्ट्र व कर्नाटक अशा भाषावार परिषदांना सांस्कृतिक व शैक्षणिक स्वरूपामुळे काही प्रमाणात मोकळीक मिळे. महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन १९३७ मध्ये परतूर येथे गोविंदराव नानल यांच्या अध्यक्षतेखाली झाले. दुसरे अधिवेशन १९३८ मध्ये लातूरला भरले. श्रीधर वामन नाईक अध्यक्ष होते. या अधिवेशनात स्वामी रामानंद तीर्थ यांच्याकडे सरचिटणीसपदाची जबाबदारी आली. त्याच वर्षी त्यांनी शाळा सोडून पूर्ण वेळ राजकीय कार्य सुरू केले. लातूर ही त्या काळातही मोठी व्यापारी पेठ होती आणि अधिवेशनामुळे परिषदेचे काम व्यापारी व तरुणवर्गापर्यंत पोहोचले.

स्टेट काँग्रेसवरील बंदी

भाषावार परिषदांना मर्यादा असल्याने संपूर्ण संस्थानासाठी एक राजकीय संघटना असावी, असे मत बळावले. त्यातून १९३८ मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेसची कल्पना पुढे आली. निजामाच्या छत्राखाली जबाबदार राज्यपद्धती हे तिचे ध्येय होते आणि सभासदत्व सर्व धर्मांच्या लोकांना खुले होते. संघटना रीतसर स्थापन होण्यापूर्वीच, सप्टेंबर १९३८ मध्ये, सार्वजनिक सुरक्षेच्या नियमांखाली तिच्यावर बंदी घालण्यात आली.

संघटना जातीय स्वरूपाची असून तिचे धागेदोरे बाहेरच्या पक्षाशी जुळलेले आहेत, अशी सरकारची भूमिका होती. संघटनेची घटना, उद्दिष्टे आणि मुस्लिम सभासदांची नावे पुढे ठेवूनही सरकारचे मत बदलले नाही. याच सुमारास आर्य समाज व हिंदू महासभेनेही संस्थानात सत्याग्रह सुरू केला होता. त्यामुळे स्टेट काँग्रेसची चळवळ आणि या चळवळी एकाच मापाने मोजणे सरकारला सोयीचे झाले.

२४ ऑक्टोबर १९३८ रोजी गोविंदराव नानल यांच्या नेतृत्वाखालील पहिल्या तुकडीने सत्याग्रह केला. काही दिवसांतच स्वामीजींनीही सत्याग्रह करून कारावास पत्करला. शेकडो सत्याग्रही तुरुंगात गेले. धार्मिक संघटनांच्या चळवळींशी गल्लत होऊ नये, म्हणून महात्मा गांधींच्या सल्ल्यानुसार डिसेंबर १९३८ मध्ये सत्याग्रह स्थगित करण्यात आला.

पुढील दोन वर्षांत सरकारशी वाटाघाटी झाल्या. संघटनेच्या नावातील काँग्रेस हा शब्द सरकारला मान्य नव्हता. हैदराबाद नॅशनल कॉन्फरन्स असे पर्यायी नाव पुढे आले, पण त्यालाही परवानगी मिळाली नाही. नाव बदलूनही मान्यता मिळत नाही, हे स्पष्ट झाल्यावर आक्षेप नावाला नसून जबाबदार राज्यपद्धतीच्या मागणीला आहे, असा निष्कर्ष कार्यकर्त्यांनी काढला. सप्टेंबर १९४० मध्ये स्वामीजींनी निवडक सहकाऱ्यांसह वैयक्तिक सत्याग्रह केला आणि त्यांना पुन्हा अटक झाली. १९४२ च्या चले जाव आंदोलनातही ते तुरुंगात गेले.

वंदे मातरम् चळवळ आणि विद्यार्थी

नोव्हेंबर १९३८ मध्ये औरंगाबादचे इंटरमीजिएट कॉलेज आणि हैदराबादचे उस्मानिया विद्यापीठ यांच्या वसतिगृहांत वंदे मातरम् म्हणण्यास मनाई करण्यात आली. विद्यार्थ्यांनी आदेश मानला नाही. वसतिगृहातून आणि पाठोपाठ महाविद्यालयातून त्यांना काढून टाकण्यात आले. संस्थानात दुसरे विद्यापीठ नसल्याने शेकडो तरुणांचे शिक्षण एका आदेशाने थांबले.

नागपूर विद्यापीठाने कुलगुरू टी. जे. केदार यांच्या पुढाकाराने या विद्यार्थ्यांना प्रवेश दिला. त्यामुळे अनेकांचे वर्ष वाचले. पुढे भारताचे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव हे या विद्यार्थ्यांपैकी एक होते आणि ते स्वामीजींना आपले राजकीय गुरू मानत. ज्यांना नागपूरला जाणे परवडले नाही, अशा विद्यार्थ्यांचे शिक्षण मात्र कायमचे खंडित झाले. त्यांतील अनेक जण पुढे स्टेट काँग्रेसचे पूर्ण वेळ कार्यकर्ते झाले.

हैदराबाद मुक्तिसंग्राम

स्टेट काँग्रेसवरील बंदी जुलै १९४६ मध्ये उठली. संघटनेत मवाळ आणि जहाल असे दोन गट होते. बी. रामकृष्ण राव हे मवाळ गटाचे, तर स्वामीजी जहाल गटाचे प्रमुख मानले जात. गोविंदभाई श्रॉफ हे स्वामीजींचे निकटचे सहकारी होते. १९४७ मध्ये स्वामीजी अध्यक्ष झाले आणि जूनमध्ये हैदराबादच्या मुशीराबाद भागात संघटनेचे पहिले खुले अधिवेशन भरले. संस्थानाने भारतीय संघराज्यात सामील व्हावे, ही मागणी तेथे मांडण्यात आली. निजामाने स्वतंत्र राहण्याचा निर्णय जाहीर केल्यावर ७ ऑगस्ट १९४७ हा दिवस विलीनीकरणाच्या मागणीचा दिवस म्हणून पाळण्यात आला. १५ ऑगस्ट १९४७ रोजी स्वामीजींना अटक झाली. नोव्हेंबरअखेर भारत सरकार व निजाम यांच्यात जैसे थे करार झाल्यावर त्यांची सुटका झाली, पण जानेवारी १९४८ मध्ये त्यांना पुन्हा तुरुंगात टाकण्यात आले.

या काळात मजलिस-ए-इत्तेहादुल मुसलमीनच्या रझाकार संघटनेचा प्रभाव वाढला. तिचा नेता कासिम रझवी हा लातूर येथे वकिली करीत असे. रझाकारांचे गावोगावी हल्ले सुरू झाल्यावर हजारो लोकांनी सीमेपलीकडे आश्रय घेतला. स्टेट काँग्रेसने सोलापूर, बार्शी, उमरखेड, चांदा अशा सीमाभागांत कार्यकर्त्यांची केंद्रे उभारली. ३० जानेवारी १९४८ रोजी नांदेड जिल्ह्यातील उमरी येथील बँकेवर कार्यकर्त्यांनी छापा घालून लढ्यासाठी निधी मिळवला. इमरोज या उर्दू दैनिकाचे संपादक शोएबुल्ला खान विलीनीकरणाच्या बाजूने लिहीत. ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादेत त्यांची हत्या झाली.

१३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्याने संस्थानात प्रवेश केला आणि १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली. त्यानंतर स्वामीजींची सुटका झाली. १७ सप्टेंबर हा दिवस मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन म्हणून पाळला जातो.

सैनिकी कारवाईच्या काळात आणि त्यानंतर अनेक ठिकाणी मुस्लिम वस्त्यांवर हल्ले झाले. त्याची चौकशी करण्यासाठी पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांनी पंडित सुंदरलाल यांच्या नेतृत्वाखाली समिती पाठविली. उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर व नांदेड हे सर्वाधिक हानी झालेले जिल्हे असल्याचे समितीने नमूद केले आणि एकूण मृतांची संख्या किमान २७,००० ते ४०,००० असल्याचा अंदाज दिला. हा अहवाल अनेक दशके सरकारी दप्तरात राहिला आणि २०१३ च्या सुमारास अभ्यासकांना खुला झाला. त्यामुळे मुक्तिसंग्रामाच्या जुन्या मराठी इतिहासलेखनात या घटनांची नोंद अपुरी आढळते.

नांदेड येथील पीपल्स कॉलेज

संस्थान भारतात विलीन झाल्यावर उर्दूतील राज्यकारभार बदलू लागला. मराठी व इंग्रजी जाणणारे प्रशिक्षित लोक मराठवाड्यात पुरेसे नव्हते. अनेक जागांवर मुंबई आणि मध्य प्रांतातून अधिकारी व शिक्षक आणले गेले. पदवीधर नसणे ही आता वैयक्तिक उणीव राहिली नव्हती; कारभारात स्थानिकांना वाटा मिळण्याच्या आड ती येत होती.

या परिस्थितीत नांदेड एज्युकेशन सोसायटीच्या वतीने १९५० मध्ये नांदेड येथे पीपल्स कॉलेज सुरू झाले. स्वामीजींचा त्यात पुढाकार होता. त्याच वर्षी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादला महाविद्यालय सुरू केले, जे पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखले जाऊ लागले. नावात साम्य असले तरी या दोन स्वतंत्र संस्था आहेत. नांदेडचे महाविद्यालय प्रथम उस्मानिया विद्यापीठाशी संलग्न होते. १९५८ मध्ये औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाल्यावर ते त्याच्याशी जोडले गेले.

सरकारमान्य शाळा सोडलेल्या आणि मान्यता नसलेल्या विद्यापीठाची पदवी घेतलेल्या स्वामीजींनी मान्यताप्राप्त महाविद्यालय उभारण्यासाठी श्रम घ्यावेत, हा बदल लक्षणीय आहे. परकीय किंवा अनियंत्रित सत्तेच्या मान्यतेला नकार देणे आणि लोकनियुक्त सत्तेच्या काळात त्याच मान्यतेचा लाभ सामान्य विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचविणे, यांत त्यांना विसंगती वाटत नव्हती. महाविद्यालय गावात आल्याने परगावच्या राहण्याचा खर्च वाचला. ज्या घरांत यापूर्वी कोणी मॅट्रिकच्या पुढे गेले नव्हते, त्या घरांतील मुले पदवीपर्यंत पोहोचू लागली. मुलींच्या शिक्षणाला तर ही जवळीक विशेष उपकारक ठरली.

विचारवंत व समीक्षक नरहर कुरुंदकर हे या महाविद्यालयात प्राध्यापक आणि पुढे प्राचार्य होते. किशोरवयात मुक्तिसंग्रामात उतरल्यामुळे त्यांचे औपचारिक शिक्षण रखडले होते. इंटरच्या परीक्षेत त्यांना अपयश आले, काही वर्षे त्यांनी शाळेत शिकविले आणि नंतर पदव्या मिळवून ते महाविद्यालयात आले. त्यांची विद्वत्ता पदवीच्या आधीच महाराष्ट्रात परिचित झाली होती, मात्र महाविद्यालयात शिकविण्याची संधी त्यांना पदवीनंतरच मिळाली. शिक्षण आणि प्रमाणपत्र यांतील अंतर त्यांच्या उदाहरणातून स्पष्ट दिसते.

संसद, भाषावार राज्यरचना आणि भूदान

१९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत स्वामीजी गुलबर्गा मतदारसंघातून आणि १९५७ मध्ये औरंगाबाद मतदारसंघातून लोकसभेवर निवडून आले. हैदराबाद राज्य तसेच ठेवावे की भाषेनुसार त्याची विभागणी करावी, यावर राज्यातील काँग्रेसमध्ये मतभेद होते. स्वामीजी विभागणीच्या बाजूने होते. लोकांना आपल्या भाषेत शिक्षण आणि राज्यकारभार मिळाला पाहिजे, या भूमिकेशी हे मत सुसंगत होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्य संपुष्टात आले. तेलंगण आंध्र प्रदेशात, कन्नड जिल्हे म्हैसूर राज्यात आणि मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात गेला. १ मे १९६० पासून मराठवाडा महाराष्ट्राचा भाग आहे.

आचार्य विनोबा भावे यांच्या भूदान चळवळीतही स्वामीजींनी भाग घेतला. खादी व ग्रामोद्योगाच्या कामात त्यांनी अखेरपर्यंत लक्ष घातले. नांदेड येथील मराठवाडा खादी ग्रामोद्योग समिती याच परंपरेतील संस्था असून तेथे राष्ट्रध्वज तयार केले जातात. त्यासाठी लागणारे कापड लातूर जिल्ह्यातील उदगीर येथील केंद्रात विणले जाते.

लेखन

स्वामीजींनी हैदराबादच्या लढ्याविषयीच्या आठवणी इंग्रजीत लिहिल्या. हे पुस्तक १९६७ मध्ये प्रसिद्ध झाले. संस्थानातील निर्बंध, संघटनेतील मतभेद, तुरुंगवास आणि गांधीजींशी झालेला पत्रव्यवहार व भेटी यांची माहिती त्यात आहे. निजाम सरकारच्या कागदपत्रांत लढ्याचे जे चित्र आढळते, त्याच्याशी ताडून पाहण्यासाठी हे लेखन अभ्यासकांना उपयुक्त ठरते. लढ्यातील एका नेत्याने ते लिहिले असल्याने त्याचेही वाचन चिकित्सकपणे करावे लागते.

मृत्यू

२२ जानेवारी १९७२ रोजी हैदराबाद येथे त्यांचे निधन झाले. बेगमपेठ येथे त्यांची समाधी व स्मारक आहे. पी. व्ही. नरसिंह राव यांनी स्मारक समितीच्या कामात दीर्घकाळ लक्ष घातले.

स्मृती

१७ सप्टेंबर १९९४ रोजी मराठवाडा विद्यापीठाचे विभाजन होऊन नांदेड येथे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. नांदेड, लातूर, परभणी व हिंगोली हे जिल्हे त्याच्या कार्यक्षेत्रात येतात. विद्यापीठाचे उपकेंद्र लातूर येथे आहे. अंबाजोगाई येथील शासकीय ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयालाही स्वामीजींचे नाव देण्यात आले आहे.

स्वामीजी शिक्षक म्हणून मराठवाड्यात आले, तेव्हा या प्रदेशात पदवीपर्यंत शिकविणारे एकही महाविद्यालय नव्हते. आज नांदेड आणि लातूर ही शिक्षणासाठी बाहेरच्या जिल्ह्यांतून विद्यार्थी येणारी शहरे आहेत. त्याच वेळी पदवीनंतर रोजगार मिळेल का, शुल्क व शिकवणीचा खर्च भरून निघेल का, हे प्रश्न येथील पालकांपुढे आहेत. महाविद्यालयांचा दर्जा ठरविण्याचे काम आता राष्ट्रीय मूल्यांकन संस्था, विद्यापीठ आणि शासन करतात. संस्थांनी स्वतः भरलेली माहिती हा या मूल्यांकनाचा मोठा आधार असल्याने ती कशी पडताळावी, हा विषय शिक्षणक्षेत्रात चर्चेत असतो.

हेही पाहा

हैदराबाद मुक्तिसंग्राम
गोविंदभाई श्रॉफ
नरहर कुरुंदकर
उस्मानिया विद्यापीठ
टिळक महाराष्ट्र विद्यापीठ